गोव्यातल्या बारमध्ये कामाला जाऊ का?

पत्र थोडक्यात: वेंगुर्ला तालुक्यातला २४ वर्षांचा वाचक. बी.कॉम. झालाय, गावाजवळच्या काजू कारखान्यात बिलं आणि स्टॉक बघतो, पगार बारा हजार. शाळेतला एक मित्र गोव्यात वागातोरच्या क्लबमध्ये बारटेंडर आहे. त्याच्याकडे या सीझनला एक जागा आहे: हेल्पर, अठरा हजार, वर टिप, राहायला खोली. दसऱ्यापर्यंत कळवायचंय. वाचक लिहितो, 'मी बुजरा आहे. पार्टी, नाचगाणं आवडत नाही. आजवर दारू घेतलेली नाही. मित्र म्हणतो, सवय होते. आई म्हणते, दारूचे पैसे या घरात नकोत. मला हे काम जमेल का?' अगदी शेवटी एक ओळ आहे: 'बाबा खूप प्यायचे, सहा वर्षांपूर्वी गेले.'

तुझ्या वयाची मुलं माझ्या घरात आहेत, त्यामुळे अरे-तुरे करते. राग नसावा.

आधी तुझ्या बुजरेपणाचं बघू, कारण पत्राची अर्धी जागा त्यानेच अडवलीय. बारच्या कामाला बोलघेवडा, नाचरा, बाटल्या हवेत उडवणारा माणूसच लागतो, असं तू धरून चालला आहेस. हे मोबाइलवरच्या रीलमधलं चित्र आहे. हॉटेलच्या बँक्वेटमध्ये मी बरेच सीझन काढलेत. पार्टी आवडते म्हणून बारवर आलेली मुलं तिथे पाहिली, आणि त्यातली बरीचशी नाताळच्या आत कंटाळलेलीही पाहिली. पार्टी काउंटरच्या पलीकडे असते. अलीकडे असतं ओलं रबरी मॅट आणि धुवायच्या ग्लासांचा ढीग. टिकतात ती मुलं वेगळीच. त्यांना वस्तू जागच्या जागी लागते, आणि तीन नंबरच्या टेबलाने सोडा वेगळा मागितला होता हे न लिहिता लक्षात राहतं.

शिवाय तुला बोलावलंय ते हेल्पर म्हणून, म्हणजे बारबॅक. त्याला गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ फारशी येतच नाही. चार-पाच वाजता ड्यूटीवर यायचं. बर्फ भरायचा, कागदी लिंबं धुऊन चिरायची, पुदिना निवडायचा, इंडेंटप्रमाणे, म्हणजे मागणीच्या यादीप्रमाणे, स्टोअरमधून माल उचलायचा, बियर फ्रिजमध्ये लावताना जुनी पुढे नवी मागे ठेवायची. रात्री दहानंतर बर्फ आणि धुतलेले ग्लास संपू द्यायचे नाहीत, एवढंच तुझं जग. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की क्लोजिंग: मॅट धुणं, फ्रिज पुसणं, काचा गोळा करणं, उरलेल्या बाटल्यांची नोंद. खोलीवर पोचेपर्यंत पहाट. मित्राचं 'सवय होते' हे याबद्दल असेल तर ते खरं आहे.

हातांचं मात्र तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. लिंबाचा रस सगळी संध्याकाळ बोटांवर राहतो आणि नखाशेजारच्या प्रत्येक चिरेत झोंबतो. तो नीट न धुता भर दुपारी उन्हात गेलास, तर कातडीवर भाजल्यासारखे काळे डाग उठतात, कधी फोडही येतात. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की असं होतं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, काम करणाऱ्यांना हा त्रास ठरलेला. लावणीच्या दिवसांत पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तशा इथे हाताच्या बोटांत होतात. रात्री हात कोरडे करून खोबरेल लावायचं. बुटांचा तळ न घसरणारा हवा, त्यात पैसे वाचवू नकोस.

आणि कान. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढणं ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. क्लबमध्ये स्पीकरच्या आसपास तेवढा आवाज सहज असतो. गिऱ्हाईक दोन तासांनी निघून जातं, तू रात्रभर तिथेच. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते घाल. कुणी हसलं तर हसू दे. ड्यूटी संपल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर तिला 'सवय' म्हणू नकोस. तुझ्यासारख्या शांत माणसाला गिऱ्हाइकांपेक्षा हा आवाजच जास्त जड जाईल, असा माझा अंदाज. म्हणून 'बारचं काम' असा एकच प्रश्न करू नकोस. क्लब वेगळा, शॅक वेगळा, मोठ्या हॉटेलचा बार वेगळा, आपल्याकडची परमिट रूम तर फारच वेगळी. तिच्याकडे पुढे येते.

आता ती शेवटची ओळ.

बाप दारूने गेला म्हणून मुलाने बारमध्ये पाऊल ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. अशी मुलं मी या कामात पाहिलीत आणि त्यातली काही फार चांगली होती. माणूस चढायला लागला हे त्यांना बाकीच्यांच्या आधी कळतं: आवाज अर्धा सूर वर जातो, तोच किस्सा दुसऱ्यांदा सुरू होतो, पाकीट काढायला वेळ लागतो. पण तुला दोन गोष्टींना सामोरं जावं लागेल आणि त्यांचा विचार तू इथे घरी बसून करावास.

एक तुझ्या स्वतःच्या पिण्याची. जवळच्या नात्यात व्यसन असेल तर आपल्याला ते लागण्याचा धोका जास्त असतो, हे डॉक्टर सांगतात. बारमध्ये धोक्याची वेळ ड्यूटीची नसते. क्लोजिंग झाल्यावर पहाटे सगळे दमलेले असतात, कुणीतरी बाटली काढतं आणि म्हणतं, 'घे रे एक, झोप लागेल.' रोज. महाराष्ट्रात कायद्याने कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, गोव्यात २१ पुरतात. म्हणजे सीमेपलीकडे तुला अडवायला कायदाही नसेल. नाही म्हणायचं असेल तर पहिल्या रात्री म्हण. पहिल्या रात्री नाही म्हणणाऱ्याला चार दिवस चिडवतात आणि मग विसरतात. महिन्यानंतर नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. न पिणारा बारटेंडर होऊ शकत नाही, हेही खोटं. कॉकटेलची चव स्ट्रॉ बुडवून थेंबभर घ्यायची असते, आणि नाक उत्तम असेल तर निम्मं काम वासावर होतं.

दुसरी गोष्ट समोर बसलेल्याच्या पिण्याची. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची ताकद साधारण ४२.८ टक्के असते. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये त्यामुळे दहा ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल जातं, आणि तेवढं उतरवायला शरीराला ढोबळमानाने तास लागतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याचा हबका, कशानेही हा तास आखडत नाही. तासात चार लार्ज, म्हणजे असे आठ छोटे पेग, घेतलेला माणूस पाचवा मागतो तेव्हा त्याच्या अंगात आधीच सात तासांचं काम शिल्लक असतं, आणि बाहेर त्याची स्कूटर उभी असते. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली गुन्हा आहे. पण ज्याला कलम लागेल तो तू नसतोस, म्हणून बरेच बार हात झटकतात. चांगल्या ठिकाणी तसं नसतं. तिथे पुढचा पेग मुद्दाम सावकाश येतो, मध्ये पाणी आणि खायला जातं, वेटरांचा प्रमुख, म्हणजे कॅप्टन, येऊन गोड बोलतो, टॅक्सी बोलावली जाते. तू बारबॅक; निर्णय तुझा नाही, पण दिसलं की बारटेंडरच्या कानात सांगणं तुझं. मित्राला नेमकं हेच विचार: 'एखाद्याला जास्त झाली तर तुमच्याकडे काय करतात?' तो हसून 'पैसे देतोय तोवर द्यायची' म्हणाला, तर ती जागा तुझ्यासाठी नाही. पगार कितीही असो. एखाद्या रात्री तिथे बाबांच्या वयाचा, बाबांसारखा खोकणारा माणूस बसेल. त्या रात्री तुझ्या पाठीशी बारचा नियम असला पाहिजे.

पहिल्या काही आठवड्यांत खोलीवर येऊन झोप लागेना, बाबा डोळ्यांपुढून हलेनात, तर ते गिळून बसू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि रात्री दोन वाजताही लागतो.

आईचं म्हणणं जुनाट म्हणून उडवू नकोस. तिने घरातून दारूकडे जाणारे पैसे वर्षानुवर्षं पाहिलेत. तिकडून येणारे तिला गोड कसे लागतील? त्यात २००५ च्या डान्सबार बंदीपासून बातम्यांत जो बार दिसत आलाय, तोच गावातल्या बायकांच्या डोळ्यांपुढे आहे. तू ग्लास धुणार आणि बर्फ वाहणार, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. सांग. (मनात आलं म्हणून लिहिते: तुझ्या कारखान्यात येणाऱ्या काजूचा बोंडू, म्हणजे बीवरचं फळ, आपल्याकडे बागेत कुजतो आणि तेरेखोलच्या पलीकडे त्याचीच फेणी होते. त्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हा मुद्दा आईपुढे काढू नकोस. वाद जिंकशील आणि चार दिवस जेवण मुकाट्याने वाढलं जाईल.) तिला तत्त्व पटवण्यापेक्षा मुदत सांगणं सोपं: एक सीझन, अमुक महिन्यात परत, दर आठवड्याला फोन.

तुझ्या पत्रात सगळ्यात कमी लिहिलंय ते अटींबद्दल, आणि माझ्या मते निर्णय तिथेच आहे. स्वभाव वळवता येतो. मालक वळवता येत नाही.

अठरा हजार हातात की कापून? टिपांची पेटी एकत्र असते का, आणि तिच्यातला वाटा हेल्परला मिळतो की फक्त बारटेंडर-वेटरना? वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. दहा किंवा जास्त असतील आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. काच लागून टाके पडले तर ईएसआयचं कार्ड किती कामाचं असतं, ते तेव्हाच कळतं. नेमणुकीचा कागद माग. कागद नको म्हणणारा मालक पगाराच्या तारखेलाही लवचीक असतो. खोलीत किती जण, आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते का, जेवण कुठे आणि केव्हा. आणि ब्रेकेज-शॉर्टेजचे, म्हणजे फुटलेल्या आणि हिशेबात कमी भरलेल्या मालाचे, पैसे कुणाच्या पगारातून जातात?

शॉर्टेजवर थोडं थांबते, कारण इथे तुझं स्टॉकचं डोकं कामाला येणार आहे. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस पेग बसतात. जिगर, म्हणजे पेगचं माप, न वापरता अंदाजाने ओतणारा हात प्रत्येक वेळी पाच मिली जास्त सोडत असेल, तर एकवीसच निघतात. चार पेग गेले, आणि महिन्याअखेरीस ते सगळ्यांच्या पगारातून वसूल होतात. म्हणून ओपनिंग आणि क्लोजिंगच्या, म्हणजे बार उघडतानाच्या आणि बंद करतानाच्या साठ्याच्या, आकड्यांवर सही करायची ती मोजल्यावरच, दुसऱ्याच्या शब्दावर नाही. ओपनिंग-क्लोजिंग चोख ठेवणारा मुलगा वर्षभरात बारबॅकचा बारटेंडर होतो किंवा स्टोअरला जातो. उलट प्रकारही असतो: पंचवीसच्या जागी सत्तावीस काढायला सांगणारा मालक. गिऱ्हाइकाने भांडण काढलं की पुढे तुलाच उभं करतील. अशा ठिकाणी सीझनसुद्धा काढू नकोस.

मित्राला अजून एक विचार: मागच्या सीझनची किती मुलं यंदा परत आली? हे एक उत्तर बाकीच्या सगळ्या चौकशीपेक्षा जास्त सांगतं.

दोन धोके कायद्याचे. सुट्टीवर घरी निघालास की गावातून फोन येतील, 'येताना एक बाटली आण रे.' गोवा बनावटीची दारू महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग आरोंद्याकडून ये की बांद्याकडून. आणि इन्सुलीचा तपासणी नाका काही नुसता शोभेला नाही. काकांना, शेजाऱ्यांना, कुणालाही एकदाच नाही सांग. दुसरं, त्या पट्ट्यात गिऱ्हाईक काउंटरवर वाकून 'माल', म्हणजे अमली पदार्थ, विचारेल. 'आमच्याकडे नाही' एवढंच उत्तर. कोण देतो, कुठे मिळतो, हे माहीत असलं तरी सांगायचं नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात मध्यस्थही अडकतो.

सुट्ट्यांचं वेळापत्रकही उलटं होईल. चतुर्थीला घरी येशील, तेव्हा तिकडे सीझन लागलेला नसतो. पण कार्तिकानंतरच्या जत्रा, दशावतार, नाताळातलं मित्राचं लग्न हे सगळं गेलं. आंगणेवाडीच्या जत्रेलाही रजा मिळेल असं धरू नकोस.

'गोवा नको, कुडाळ किंवा सावंतवाडीला परमिट रूममध्ये लागलो तर?' हे तू विचारलेलं नाहीस, पण आई विचारेल. तुझ्यासाठी मला तो पर्याय जास्त अवघड वाटतो. वागातोरला समोर अनोळखी माणूस असतो. इथे क्वार्टर आणि चकणा मागणारा बाबांचा जुना सोबती निघायचा. तो तुला नावाने हाक मारेल, बाबांची आठवण काढून रडेल, आणि उधारी ठेवायला सांगेल. घराजवळ राहायचंच असेल तर तारकर्ली-देवबागकडच्या रिसॉर्टमध्ये जेवणाच्या विभागात सुरुवात कर आणि बार हळूहळू शिक.

नोकरी म्हणून हे क्षेत्र किती हलतं, तेही ध्यानात ठेव. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, तेव्हा मुंबई-गोवा रस्त्यावरची कितीतरी काउंटरं एका रात्रीत थांबली. पुढे सवलती आल्या, पण मधल्या महिन्यांचा पगार कुणी दिला नाही. मार्च २०२० तर सगळ्यांनाच आठवतो. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवा फोन घेऊ नकोस.

हाच प्रश्न घेऊन मुलींचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. बारमध्ये बायकांना कामाला ठेवू नये, असं सांगणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केलं; कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण होकार देण्याआधी दोन गोष्टी बघा. पहाटे सुटल्यावर गाडी दारापर्यंत सोडते की कोपऱ्यापर्यंत? आणि दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असावीच लागते, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर आहेत का? मॅनेजरला समिती म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं, तर निघा.

तर तू काय करशील? दसऱ्याआधी कारखान्यातून तीन दिवसांची रजा काढ, त्यात शनिवार येऊ दे, आणि बिनपगारी काम करून बघ. मित्राच्या नाही, तिथल्या जुन्या हेल्परच्या मागे उभा राहा. तिसऱ्या दिवशी पाय दुखतील, ते सगळ्यांचेच दुखतात. बघायचं ते हे, की दारूच्या वासात आठ तास राहून तू खोलीवर कसा परततोस: फक्त दमलेला, की आतून ढवळलेला. नुसता दमलेला असशील तर एक सीझन करून बघायला माझी हरकत नाही.

कारखान्याचा राजीनामा मात्र देऊ नकोस. मार्च ते मे ओल्या-सुक्या काजूची खरेदी जोरात असते आणि तेव्हा हिशेबाला भरवशाचा माणूस मिळत नाही, हे तुझ्या शेठना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गोव्याची गर्दी नाताळ-नव्या वर्षाला शिगेला पोचते आणि फेब्रुवारीनंतर उतरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बिनपगारी रजा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजर, असं शेठना विचारून बघ. मित्राला होकार कळवायच्या आधी विचार, आणि शेठ हो म्हणाले तर ते आईला शेठच्याच तोंडून कळू दे.